आवाजातून माहिती देणारे इंटरफेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲप, वेबसाइट किंवा एखादं यंत्र बनवताना आवाजाचा विषय निघतो तो बहुधा शेवटच्या आठवड्यात. "इथे एखादा छानसा आवाज टाका की," असं कोणीतरी म्हणतं आणि फुकट मिळणाऱ्या आवाजांच्या फोल्डरमध्ये शोधाशोध सुरू होते. हे पान त्या टप्प्याच्या आधी वाचायचं आहे. प्रश्न डिझायनर, प्रोग्रॅमर आणि टेस्टर मंडळी नेहमी विचारतात तेच आहेत. उत्तरांतली मतं माझी आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

इंटरफेसमधला आवाज म्हणजे नोटिफिकेशनचा 'टिंग', एवढंच ना?

तो त्यातला सगळ्यात गरीब प्रकार. 'टिंग' एवढंच सांगतो की काहीतरी झालं. काय झालं, कुठे झालं, किती महत्त्वाचं आहे, हे बघायला फोन हातात घ्यावाच लागतो. म्हणजे आवाजाने फक्त हाक मारली, निरोप दिलाच नाही.

निरोप देणारा आवाज कसा असतो ते शस्त्रक्रियागृहात ऐकायला मिळतं. रुग्णाच्या बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर नाडीच्या प्रत्येक ठोक्याला 'पिप' करतो आणि रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण घसरू लागलं की त्या 'पिप'चा सूरही खाली उतरत जातो. भूलतज्ज्ञाची नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर असो की हातातल्या सिरिंजवर, नाडीचा वेग आणि ऑक्सिजनची दिशा या दोन्ही गोष्टी त्याच्या कानावर पडतच असतात. एका आवाजात दोन मोजमापं, आणि तीही मान न वळवता. या विषयात याहून नेमकं उदाहरण मला तरी माहीत नाही.

स्क्रीन समोर असताना आवाज हवाच कशाला?

बऱ्याचदा नकोच असतो. हे आधीच मान्य केलं तर पुढचे निर्णय सोपे जातात.

आवाज कामाला येतो तो नजर दुसरीकडे गुंतलेली असताना, स्क्रीन दिसत नसताना किंवा स्क्रीनच नसताना. कानाचे काही गुण डोळ्यांना नाहीत. कान चहूबाजूंनी ऐकतो, त्याला मान वळवावी लागत नाही. काळातले बारकावे त्याला फार चटकन कळतात: सलग आवाजात दोन-तीन मिलिसेकंदांची फट पडली तरी ती जाणवते, आणि ठेका जरा चुकला की संगीत न शिकलेल्यालाही काहीतरी बिनसल्याचं समजतं. साध्या प्रयोगांत माणूस प्रकाशाच्या इशाऱ्यापेक्षा आवाजाच्या इशाऱ्याला साधारण ३० ते ४० मिलिसेकंद लवकर प्रतिसाद देतो.

उणिवाही तितक्याच ठळक आहेत. आवाज वाजला की गेला. स्क्रीनवरच्या ओळीसारखा तो पुन्हा वाचायला थांबत नाही. नेमका आकडा सांगणं त्याला जमत नाही. 'वाढलं' की 'घटलं' हे तो उत्तम सांगतो, पण '७३ की ७६' हे नाही. सूर ऐकून त्याची नेमकी जागा ओळखणारी माणसं विरळच. शिवाय तो शेजारच्यालाही ऐकू जातो, आणि शेजाऱ्याने तो मागितलेला नसतो.

म्हणून प्रत्येक आवाजाला मी एकच प्रश्न विचारते: हा काढून टाकला तर कोणाला, कोणत्या क्षणी, काय कळायचं राहील? उत्तर एका वाक्यात देता आलं नाही तर तो आवाज सजावटीचा आहे.

हे सगळं नवीन आहे का?

मुळीच नाही. १९१३ मध्ये एडमंड फोर्निए दाल्ब यांनी ऑप्टोफोन नावाचं यंत्र बनवलं होतं. छापील अक्षरांच्या आकारावरून ते वेगवेगळे स्वर काढायचं आणि अंध वाचक त्यावरून मजकूर वाचायचे. टेलिप्रिंटरमध्ये ऑपरेटरला बोलावण्यासाठी खरीखुरी घंटा असे. ती वाजवणारा संकेत आस्की तक्त्यात (संगणकातल्या अक्षरांना आणि संकेतांना क्रमांक देणारी यादी) ७व्या क्रमांकावर आजही बसलेला आहे, आणि टर्मिनलमध्ये तो पाठवला की आजचे संगणकही बीप करतात. तासभर चालणारी कमांड संपल्यावर शेवटी हा एक संकेत पाठवायची सवय लावून घ्या. इतक्या कमी कष्टात इतका उपयोगी आवाज दुसरा मिळणार नाही.

डायल-अप मोडेमची ती किरकिर आठवते? तिचा स्पीकर जोडणी होईपर्यंत मुद्दाम चालू ठेवलेला असायचा. पलीकडे लाइन बिझी आहे, चुकून कोणा माणसाने फोन उचलला आहे, की मोडेमच बोलतो आहे, हे ऐकूनच कळायचं. जोडणी झाली की स्पीकर आपोआप गप्प. कधी बोलायचं आणि कधी थांबायचं हे त्या डब्याला आजच्या पुष्कळ ॲपपेक्षा बरं कळत होतं.

ऑडिटरी आयकॉन आणि इअरकॉन यांत फरक काय? कोणतं वापरायचं?

ऑडिटरी आयकॉन म्हणजे रोजच्या जगातला ओळखीचा आवाज, जो संगणकातल्या तशाच घटनेसाठी वापरला जातो. फाइल टाकून दिली की कागद चुरगळल्याचा आवाज, फोटो काढला की शटरचा आवाज. ही कल्पना विल्यम गेव्हर यांनी १९८६ मध्ये मांडली आणि पुढे ॲपलमध्ये असताना सॉनिकफाइंडर नावाचा प्रयोग केला. त्यात फाइल कॉपी होताना भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज येई, आणि भांडं भरत आलं की आवाजाचा सूर जसा चढतो तसा तो चढत जाई. किती काम झालं हे त्या चढण्यावरून कळायचं. माठ भरताना आपण आत डोकावून बघत नाही, ऐकतो. तीच जाण इथे आयती वापरली होती. शिकवायला काहीच लागलं नाही.

इअरकॉन म्हणजे दोन-चार स्वरांची बांधलेली छोटी खूण, जिचा अर्थ शिकावा लागतो. मीरा ब्लॅटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तिची व्यवस्थित मांडणी केली. इअरकॉनची खरी ताकद कुटुंब बांधण्यात आहे. समजा, फाइलशी संबंधित सगळ्या खुणा एका वाद्यात आणि नेटवर्कशी संबंधित दुसऱ्या वाद्यात बांधल्या. 'सुरू झालं' म्हणजे चढते दोन स्वर, 'संपलं' म्हणजे उतरते दोन स्वर. मग 'नेटवर्क जोडलं' आणि 'नेटवर्क तुटलं' या खुणा पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही अंदाजाने कळतात.

निवड कशी करायची? घटनेला खऱ्या जगात आवाज असेल तर ऑडिटरी आयकॉन. पण 'परवानगी नाकारली' किंवा 'आवृत्ती जुनी झाली' यांचा आवाज कसला असतो? तिथे ओढूनताणून दार आपटल्याचा आवाज घालण्यापेक्षा सरळ इअरकॉन बरा.

इअरकॉन बनवताना लोक हमखास अडखळतात ते एकाच ठिकाणी: सगळ्या खुणा एकाच वाद्यात बांधून फक्त सूर बदलायचा. स्टीफन ब्रूस्टर यांच्या यॉर्क विद्यापीठातल्या प्रयोगांपासून हे वारंवार दिसलेलं आहे की नुसत्या सुराच्या फरकावर लोकांना खुणा ओळखता येत नाहीत. वाद्याचा पोत आणि ठेका हे सगळ्यात लवकर वेगळे कळतात. सूर वापरायचाच असेल तर फरक चांगला सप्तकाचा ठेवा. आवाजाच्या लहानमोठेपणावर अर्थ बेतू नका. व्हॉल्यूमचं बटण वापरणाऱ्याच्या हातात असतं. आणि दोन खुणा लागोपाठ वाजणार असतील तर मध्ये एक दशांश सेकंदाची मोकळी जागा सोडा, नाहीतर कानाला त्या एकच वाटतात.

सरळ बोलूनच का सांगू नये?

कधीकधी तेच करावं. घटना क्वचित घडणारी आणि गंभीर असेल तर शिकलेली खूण ऐन वेळी आठवत नाही. विमानातली यंत्रणा जमीन जवळ आल्यावर 'टेरेन, टेरेन, पुल अप' असं शब्दांत सांगते ते त्यासाठीच.

पण बोलणं सावकाश चालतं, ते भाषेला बांधलेलं असतं आणि आजूबाजूला कोणी बोलत असेल तर त्यात हरवतं. दिवसातून दोनशे वेळा घडणाऱ्या गोष्टीला वाक्य लावलं तर तिसऱ्या दिवशी वापरणारा ते बंद करतो. मधला मार्ग म्हणून ब्रूस वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये स्पिअरकॉन सुचवले: मेनूतला शब्द संगणकाकडून बोलवून घ्यायचा आणि सूर न बदलता, वेग वाढवून इतका दाबायचा की तो शब्द म्हणून कळेलच असं नाही, पण त्याची ओळख राहील. लांब मेनूंना हे छान बसतं, कारण 'सेव्ह' आणि 'सेव्ह ॲज' यांचे दाबलेले आवाजही सुरुवातीला सारखेच ऐकू येतात.

आकडे किंवा आलेख आवाजात मांडता येतात का?

येतात, याला सॉनिफिकेशन म्हणतात. गायगर काउंटरची टकटक हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं रूप. किरणोत्सार जास्त तर टकटक दाट. हातात नळी घेऊन जमीन तपासणाऱ्याला काटा बघावा लागत नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेने पहिल्यांदा पकडलेली गुरुत्वीय लहर तर नशिबाने माणसाच्या ऐकण्याच्या पट्ट्यातच होती. साधारण ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत जाणारी, सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढी एक 'वूप'. दृष्टी गेल्यावरही खगोलशास्त्रात काम करत राहिलेल्या वांडा दियाझ-मर्सेद यांच्यासारख्या संशोधक ताऱ्यांची आकडेवारी कानाने तपासतात.

आयफोनवर २०२१ पासून व्हॉइसओव्हरमध्ये, म्हणजे त्याच्या स्क्रीन रीडरमध्ये (स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये), ऑडिओ ग्राफ ही सोय आहे. आलेखाची रेघ डावीकडून उजवीकडे सुरात वाजते. रेघ वर गेली की सूर वर. पंचवीस बिंदूंची आकडेवारी एकेक करून वाचून घेण्यापेक्षा काही सेकंदांत 'आधी सपाट, मग एकदम उसळी, मग हळू उतार' हे चित्र डोक्यात उभं राहतं.

स्वतः करायला घेतलंत तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली, कान सुराचा फरक वजाबाकीने मोजत नाही, पटीने मोजतो. २०० ते ४०० हर्ट्झ आणि ४०० ते ८०० हर्ट्झ ही दोन्ही अंतरं कानाला सारखीच, एकेक सप्तक. तुम्ही आकड्यांना सरळ हर्ट्झमध्ये बसवलंत, म्हणजे १ला २००, २ला ३००, ३ला ४०० असं, तर खालच्या आकड्यांतला फरक फुगलेला ऐकू येतो आणि वरचे आकडे एकमेकांना चिकटतात. आलेख बिनचूक, ऐकणाऱ्याची समजूत चुकीची. प्रत्येक पायरीला ठरावीक पटीने सूर वाढवा.

दुसरी गोष्ट दिशेची. तापमान वाढलं की सूर चढावा हे बहुतेकांना पटतं. पण आकार मोठा होत गेला की? मोठ्या घंटेचा आवाज खर्जातला असतो, त्यामुळे बरेच जण 'मोठं' म्हणजे 'खालचा सूर' असं धरतात. आपल्याला स्वाभाविक वाटणारी दिशा वापरणाऱ्यालाही तशीच वाटेल हे गृहीत धरू नका. चार-पाच जणांना नुसतं ऐकवून 'काय झालं असं वाटतं?' एवढंच विचारा.

प्रगती दाखवणाऱ्या पट्टीला आवाज द्यायचा आहे. नमुना आहे का कुठे?

एनव्हीडीए हा विंडोजवरचा मोफत स्क्रीन रीडर उघडा आणि एखादी मोठी फाइल कॉपी करा. पट्टी पुढे सरकते तशा बारीक बीप येतात आणि प्रत्येक बीपचा सूर आधीच्यापेक्षा थोडा वर असतो. शंभर टक्क्यांच्या जवळ आलात हे सुरावरून कळतं, आणि बीप थांबून राहिल्या तर काम अडकलं आहे हे शांततेवरून. 'सव्वीस टक्के, सत्तावीस टक्के' असं बोलत बसलं असतं तर तेवढ्या वेळात दुसरं काही वाचणं अशक्य झालं असतं.

याच प्रोग्रॅममध्ये कोडमधल्या ओळीचं इंडेंटेशन सुरात ऐकायची सोय आहे. ओळ जितकी आत, तितका सूर वेगळा. आणि माउस हलवताना जागा सांगणारे आवाज चालू केले तर डावं-उजवं दोन कानांतून आणि वर-खाली सुरातून कळतं. प्रत्येक डिझायनरने हे तासभर वापरून बघावं, शक्य तर मॉनिटर बंद करून.

स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी वेगळे आवाज घालावेत का?

शक्यतो नाही. त्यांच्या कानात आधीच एक आवाज वेगाने बोलत असतो, आणि स्क्रीन रीडरच्या स्वतःच्या खुणा असतात. त्यावर तुमच्या साइटने संगीत सुरू केलं तर ते बोलणं झाकलं जातं. वेबपानाला स्क्रीन रीडर चालू आहे की नाही हे खात्रीने कळतही नाही, त्यामुळे 'त्यांच्यासाठीच वाजवू' ही योजना मुळातच फसते.

तुमचं काम योग्य माहिती योग्य ठिकाणी ठेवण्याचं. बदलणाऱ्या मजकुराला एरिया-लाइव्ह लावा, म्हणजे बदल झाला की स्क्रीन रीडरला कळवणारी पानाच्या कोडमधली खूण. 'पोलाइट' म्हणजे चालू वाक्य संपल्यावर सांग, 'असर्टिव्ह' म्हणजे मध्येच तोडून सांग. दुसरा पर्याय खरंच तातडीच्या गोष्टींसाठी राखून ठेवा. प्रत्येक बारीकसारीक बदलाला 'असर्टिव्ह' लावणाऱ्या साइट वापरणं म्हणजे दर वाक्याला कोणीतरी खांदा हलवण्यासारखं आहे.

बोलणं आणि खुणा यांची सांगड किती सुंदर घालता येते हे बघायचं असेल तर टी. व्ही. रामन यांचं काम शोधा. ते स्वतः अंध आहेत. १९९४ मध्ये पूर्ण केलेल्या ॲस्टर या प्रबंधप्रकल्पात त्यांनी गणिती सूत्रं बोलून दाखवली. घातांक आला की बोलणाऱ्याचा आवाज चढतो, त्यामुळे कंस कुठे सुरू झाला आणि घात कुठे संपला हे वेगळं सांगावं लागत नाही. ईमॅक्स या मजकूर-संपादकाला बोलतं करणारा त्यांचा इमॅकस्पीक पुढच्याच वर्षी आला. त्यात कोडमधल्या टिप्पण्या आणि कीवर्ड वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतात. डोळस प्रोग्रॅमरला रंग जे सांगतात ते इथे आवाजाचा पोत सांगतो.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं काय?

आवाजात सांगितलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुठल्यातरी मार्गाने सांगितलीच पाहिजे: मजकूर, चमक, कंपन. याला अपवाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ४३ कोटींहून जास्त लोकांना उपचार किंवा पुनर्वसन लागेल इतकं कमी ऐकू येतं. त्यांत सायलेंटवर ठेवलेल्या फोनची गणती नाही. ती केली तर आपण बहुतेक सगळेच दिवसातला बराच वेळ या गटात असतो.

वयाबरोबर आधी वरचे सूर ऐकू येईनासे होतात. म्हणून महत्त्वाची खूण ४००० हर्ट्झच्या वर नेऊ नका. खालची मर्यादा उपकरण ठरवतं: फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून ३००-४०० हर्ट्झच्या खाली फारसं काही बाहेर पडत नाही. हेडफोनवर भारदस्त वाटलेली तुमची खर्जातली खूण फोनवर नुसती 'ठप' होते.

धोक्याचा इशारा मोठ्यात मोठा असावा ना?

नाही. हा गैरसमज फार जुना आणि महागात पडणारा आहे. १९८० च्या आसपास विमानांतले इशारे इतके कर्कश होते की वैमानिकाचं पहिलं काम ते बंद करणं हेच होऊन बसायचं. रॉय पॅटरसन यांनी १९८२ मध्ये ब्रिटिश नागरी विमानवाहतूक प्राधिकरणासाठी लिहिलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं की इशारा पार्श्वभूमीच्या गोंगाटात जेमतेम ऐकू येण्याच्या पातळीपेक्षा १५ ते २५ डेसिबल वर असला की पुरे. त्याहून मोठा झाला तर माणूस दचकतो, विचार थांबतो, शेजारच्या सहकाऱ्याशी बोलता येत नाही. आवाज एकदम धाडकन सुरू होऊ नये, २०-३० मिलिसेकंदांत चढत यावा, हेही त्यातलंच.

तातडी मोठेपणातून न सांगता इतर अंगांनी सांगता येते. ठोके जलद करा, सूर वर न्या, स्वर थोडा बेसूर करा. ऐकणाऱ्याला घाई जाणवते. वैद्यकीय उपकरणांच्या अलार्मचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०६०१-१-८, नेमकं हेच करतं: सर्वांत गंभीर इशाऱ्याला १० ठोक्यांचा झपाटा, मध्यमाला ३, कमी महत्त्वाच्याला एक किंवा दोन. या मानकातल्या जुन्या सुरावटी परिचारिकांच्या लक्षात राहत नाहीत आणि एकमेकींत मिसळतात, अशी टीका वर्षानुवर्षं होत होती. २०२० च्या दुरुस्तीत ऑडिटरी आयकॉनची वाट मोकळी झाली. हृदयाच्या अलार्मला धडधडीसारखा आवाज असला की शिकवायला लागत नाही. गेव्हर यांची १९८६ ची कल्पना अतिदक्षता विभागात पोहोचायला ३४ वर्षं लागली.

एकच आवाज दोन गोष्टींसाठी वापरला तर काय बिघडतं?

१४ ऑगस्ट २००५ ला हेलिओस एअरवेजचं बोइंग ७३७ सायप्रसहून निघालं. विमानातल्या हवेचा दाब नीट राखला जात नव्हता आणि वर चढताना इशाऱ्याचा भोंगा वाजला. या विमानात तोच भोंगा जमिनीवर असताना 'उड्डाणासाठी रचना चुकीची आहे' हेही सांगायचा. वैमानिकांनी दुसरा अर्थ घेतला, जो हवेत संभवतच नव्हता, आणि त्याचाच शोध घेत राहिले. थोड्या वेळात प्राणवायूअभावी त्यांची शुद्ध हरपली. विमान ग्रीसमध्ये कोसळलं, १२१ जण गेले. कारणं अनेक होती, भोंगा त्यातलं एक. पण 'जमिनीवर एक अर्थ, हवेत दुसरा' हा नियम कागदावर कितीही स्वच्छ असला तरी घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात तो टिकत नाही.

तुमच्या ॲपमध्ये जीव जाणार नाही. तरीही 'संदेश गेला' आणि 'संदेश आला' यांना एकच आवाज देऊ नका.

खूण स्वतः बनवायची तर सुरुवात कुठून करू?

संगीत यायला हवं असं काही नाही. 'काम यशस्वी' ही खूण घेऊ. सा आणि प हे दोन स्वर पुरतात: ४४० हर्ट्झ ९० मिलिसेकंद, लगेच ६६० हर्ट्झ १५० मिलिसेकंद. ब्राउझरच्या वेब ऑडिओमध्ये (ब्राउझरमध्येच आवाज तयार करायची सोय) ऑसिलेटरला, म्हणजे स्वर काढणाऱ्या भागाला, साइन तरंगाऐवजी ट्रँगल द्या. साइन अगदी सपाट असतो आणि गोंगाटात लपतो. ट्रँगलमध्ये वरचे काही स्वरांश असल्याने तो लहान स्पीकरवरही उठून येतो.

आता वाजवून बघा. प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला आणि शेवटी एक बारीक 'टक' ऐकू येईल. तरंग मध्येच कापला गेला की स्पीकरचा पडदा झटक्यात उडी मारतो, तो हा आवाज. उपाय सोपा: गेन, म्हणजे स्वराचा मोठेपणा, शून्यापासून ५ ते १० मिलिसेकंदांत वर आणा आणि शेवटी हळूहळू उतरवा. उतार नैसर्गिक वाटायला एक्स्पोनेन्शियल वापरा, पण त्याचं लक्ष्य शून्य देऊ नका. गणितात ते बसत नाही आणि ब्राउझर एरर देतो. ०.००१ द्या, नंतर ऑसिलेटर थांबवा. एवढ्यावरच खूण 'घरी केलेली' वाटायची थांबते.

अपयशाची खूण म्हणजे हीच उलटी वाजवायची, असं करू नका. प-सा आणि सा-प यांतला फरक कामाच्या गडबडीत निसटतो. ठेका बदला: एकाच खालच्या सुराचे दोन तुटक ठोके. आणि अपयशाचा आवाज पाणउतारा करणारा नसावा. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा 'भँऽऽ' काढून वापरणाऱ्याची चूक जाहीर करणारे प्रोग्रॅम लोकांना मनापासून नावडतात.

ब्राउझरमध्ये माझा आवाज वाजतच नाही. का?

वापरणाऱ्याने पानावर अजून काही दाबलेलं नसेल. आपोआप वाजणाऱ्या जाहिरातींना कंटाळून ब्राउझरांनी हे दार बंद केलं. क्रोमने २०१८ मध्ये. पहिल्या क्लिकवर ऑडिओ कॉन्टेक्स्ट (वेब ऑडिओचं आवाजाचं इंजिन) चालू करा, मग पुढचे आवाज वाजतील. पान उघडताच आवाज लावायची पळवाट शोधत असाल तर ती शोधू नका. वेब सुलभतेच्या निकषांनुसारही, आपोआप सुरू होणारा आवाज ३ सेकंदांपेक्षा जास्त चालला तर तो थांबवायची किंवा त्याचा व्हॉल्यूम वेगळा कमी करायची सोय द्यावीच लागते.

डावीकडून-उजवीकडून आवाज आणून काही सांगता येईल?

हेडफोनवर, हो. पण पुढचा आवाज आणि मागचा आवाज यांत कान सहज फसतो, आणि उंची ओळखण्यात तर आणखीच. डावं, मधलं, उजवं एवढ्या तीनच जागा धरा. पुष्कळ जण एकच इअरबड लावतात, कित्येकांनी एका कानाने ऐकू येत नाही म्हणून मोनो (दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र) चालू केलेलं असतं. दिशेतून फक्त वरकड माहिती द्या, मुख्य नाही.

बटणाच्या आवाजाला उशीर होतो.

ब्लूटूथ हेडफोन असतील तर दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो आणि तुम्हाला त्यात फार काही करता येत नाही. स्पर्श आणि आवाज यांची जोडी तुटली की आवाज नसलेलाच बरा. तिथे कंपन वापरा.

आवाज लोकांना इतके त्रासदायक का होतात?

डोळे मिटता येतात, कान नाही. त्यात तोच तोच आवाज, तितक्याच मोठ्याने, दिवसभर. पहिल्यांदा ऐकताना गोड वाटलेली पाच स्वरांची धून पन्नासाव्यांदा नको होते, तर कोरडा 'टक' हजाराव्यांदाही खटकत नाही. जे जास्त वेळा घडतं त्याचा आवाज तितका लहान, तितका मऊ आणि तितका कमी सुरेल असावा. डेमोच्या दिवशी वाहवा मिळवणारे आवाज बहुधा याच कसोटीला उतरत नाहीत.

बंद करायची सोय आवाजागणिक द्या. सगळे किंवा काहीच नाही असा एकच स्विच असेल तर एका त्रासदायक आवाजापायी लोक उपयोगी आवाजही घालवून बसतात. सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) हालचाल कमी हवी हे सांगायची वापरणाऱ्याला सोय आहे, आवाजासाठी तशी काही नाही. त्यामुळे सेटिंग तुम्हालाच बनवावं लागेल, आणि ते लक्षातही ठेवावं लागेल.

सुरू होतानाची ओळखीची धून हवीच, असं मार्केटिंगवाले म्हणतात.

विंडोज ९५ ची धून ब्रायन ईनो यांनी केली आणि ती लोकांच्या आठवणीत राहिली, हे खरं. पण जुन्या संगणकांत सुरू होतानाच्या आवाजाला कामही होतं. पीसीची एक छोटी बीप म्हणजे तपासणीत सगळं ठीक. जास्त किंवा लांब बीप म्हणजे मेमरी किंवा ग्राफिक्स कार्डात बिघाड, स्क्रीन काळी असतानाही. धून हवीच असेल तर तिला असं काहीतरी काम द्या आणि सायलेंटचा मान राखा. मीटिंगमध्ये लॅपटॉप उघडताच गाणारं सॉफ्टवेअर कोणाचीही पत वाढवत नाही.

किती आवाज पुरेसे?

साधारण ॲपला पाच-सहा. त्याहून जास्त लागत असतील तर त्यांची कुटुंबं बांधा.

चाचणी कशी घ्यायची?

'हा आवाज आवडला का?' हे विचारू नका. आवडीवरून उपयोग कळत नाही. सगळ्या खुणा उलटसुलट क्रमाने ऐकवा आणि प्रत्येकीचा अर्थ विचारा. मग त्याच लोकांना आठवड्याने, न सांगता, पुन्हा विचारा. कोणत्या दोन खुणांची अदलाबदल होते याची वही ठेवा. त्या जोडीतली एक बदलायची असते, दोन्ही नाही.

त्यानंतर खऱ्या जागी ऐका: फोन खिशात, रस्त्यावर, पंखा चालू असलेल्या खोलीत, आणि दुसरं ॲप गाणं वाजवत असताना. टीममधल्या एखाद्याला तुमचं ॲप आठवडाभर पूर्ण आवाजासह वापरायला द्या, आणि तो कोणत्या दिवशी कोणता आवाज बंद करतो ते नोंदवा. तुमच्या विंडोज संगणकावर टॉगल कीज चालू करून त्याच्याशी तुलनाही करून बघा: कॅप्स लॉक लागला की वरचा सूर, सुटला की खालचा, बाकी काही नाही. पासवर्ड तिसऱ्यांदा चुकायच्या आधी कळतं, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वर करून बघत नाही.